तिरपे शब्द

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

संगणकाशी तुमचं कसं जमलं यावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी सरळ सांगून टाकलं की मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. मालवणात राहतो, कविता लिहितो. उभा जन्म बंदरावर काढून मला होडीच्या इंजिनातलं काही कळलं नाही, तिथं संगणकातलं काय कळणार? पण गेल्या पावसाळ्यात एक प्रकार घडला. तो सांगायचा म्हणून आलो आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, आणि माणसं राहिलेली कामं काढतात. माझं राहिलेलं काम म्हणजे कवितासंग्रहाची मुद्रणप्रत. संपादकांनी ती तपासून ई-मेलनं परत पाठवली होती. सोबत चार ओळींचं सौजन्यपूर्ण पत्र होतं. ‘बोलीतले आणि परभाषेतले शब्द तिरप्या ठशात केले आहेत, वाचकांना सोयीचं जाईल.’

मी फाईल उघडली. पहिल्याच कवितेत ‘अम्मी’ तिरपी झालेली. पुढे ‘फजर’, म्हणजे पहाटेची नमाज, तिरपी. ‘जानमाज’, जिच्यावर बसून नमाज पढतात ती चटई, तिरपी. ‘दुवा’ तिरपा. मग आमचे दर्यातले शब्द. ‘रापण’, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीनं मिळून ओढायचं ते लांबलचक जाळं, तिरपं. ‘तांडेल’ तिरपा, ‘सुकती’ म्हणजे ओहोटी, तीही तिरपी.

संपादकांचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. माणूस सज्जन, व्यासंगी. त्यांनी माझी एकही ओळ बदलली नव्हती. पण एक गंमत माझ्या ध्यानात आली. ‘हवा’ हा शब्द सरळ उभा होता. हवा अरबी आहे. दुवाही अरबीच. हवा सरळ आणि दुवा तिरपा. कागद, शाई, तारीख, वकील, जमीन, दुकान, सगळे फारसी-अरबीकडून आलेले, आणि सगळे ताठ उभे. ‘दर्या’ फारसी, पण कोळीगीतांनी त्याला कधीच आपला केलेला, तोही उभा. म्हणजे शब्द कुठून आला यावर त्याचं तिरपेपण ठरत नव्हतं. तो कुणाच्या घरात राहतो, यावर ठरत होतं.

आता हे सगळं सरळ कसं करायचं? दीडशे पानांत एकेक शब्द शोधून? इथं संगणकातल्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीकडे यावं लागतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की एक चौकट उघडते. वरच्या ओळीत शोधायचा शब्द लिहायचा, खालच्या ओळीत त्याच्या जागी हवा तो, आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबायचं. निमिषात सगळीकडे बदल.

ही सोय म्हणजे धारेची सुरी आहे. मी पूर्वी एकदा तिनं हात कापून घेतला होता. एका दीर्घकवितेत मला ‘नाव’ काढून ‘होडी’ घालायचं होतं. घातलं. मग वाचायला बसलो तर ‘बनाव’चा झाला होता ‘बहोडी’, आणि ‘मनाविरुद्ध’चं जे काही झालं होतं ते उच्चारून दाखवा म्हणाल तर या माइकसमोर जमणार नाही. शिवाय वडिलांचं नाव, गावाचं नाव, सगळ्यांच्या होड्या झालेल्या. ‘पूर्ण शब्दच शोधा’ अशी खूण करता येते, पण ती इंग्रजीला मानवते. आमच्या भाषेत नाव एकटी कुठं असते? नावेत, नावेला, नावेवरून. प्रत्यय लागला की यंत्राला ती ओळखू येत नाही.

यंत्र अक्षरं बघतं, अर्थ बघत नाही, हे तेव्हा कळलं. पण अक्षरांखेरीज आणखी एक गोष्ट ते बघू शकतं, हे कळायला माझा जुना संग्रह कारणी पडला. त्यातल्या काही कविता नव्या पुस्तकात घ्यायच्या होत्या, आणि त्या होत्या ‘कृतीदेव’ या जुन्या फॉन्टमध्ये. नव्वदच्या दशकात डीटीपीवाल्यांकडे असे फॉन्ट सर्रास असत. त्यांची युक्ती साधी होती. आतून अक्षर इंग्रजीच ठेवायचं, वरून त्याला देवनागरीचं रूप चढवायचं. कृतीदेवमध्ये इंग्रजी जे, के, ई या तीन कळा दाबल्या की पडद्यावर ‘राम’ उमटतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की राम जातो आणि जे-के-ई उरतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे.

आता जुन्या फाईलमधला इंग्रजी ‘के’ काढून त्या जागी खरा काना घालायचा असं ठरवलं, तर प्रकाशकाच्या इंग्रजी पत्त्यातल्या ‘के’चाही काना होणार. मालवणला जाणारं पत्र कुठं पोचेल सांगता येत नाही! तेव्हा यंत्राला बजावावं लागतं की ‘के’ शोध, पण फक्त कृतीदेवमधला शोध. त्यासाठी त्या चौकटीत ‘मोअर’ दाबून खालचा भाग उघडायचा, तिथं ‘फॉरमॅट’ म्हणून कळ आहे, तीत जाऊन फॉन्ट निवडायचा. मग यंत्र शब्दाचं अंग आणि अंगरखा दोन्ही बघतं. अर्थात तेवढ्यानंही माझं काम भागलं नाही, कारण कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टंकतात आणि अक्षर मागून, तर युनिकोडमध्ये आधी अक्षर आणि मग वेलांटी. शेवटी एका तयार रूपांतरकाकडून ते करून घेतलं. पण अंगरखा शोधता येतो, ही गोष्ट डोक्यात राहिली. अंगरखा तेवढाच द्यायचा आणि शब्दाची जागा रिकामी सोडायची, असंही चालतं. म्हणजे यंत्राला सांगायचं, शब्द कुठलाही असो, तिरपा असेल तो काढून दाखव.

पण आधी या तिरपेपणाचं थोडं. ही रीत व्हेनिसची. आल्डस मॅन्युशियस नावाच्या मुद्रकानं 1501 मध्ये व्हर्जिलच्या काव्याचं छोटेखानी पुस्तक काढलं, ते सगळंच्या सगळं तिरप्या ठशात. फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिरानं ते ठसे कोरले होते. त्यात परक्या शब्दाला ओळखू येईल असं वेगळं काढण्याचा विचार नव्हता. हाती लिहिलेल्या सुबक वळणाची ती नक्कल होती. परके शब्द तिरपे करण्याची शिस्त पुढे इंग्रजी छपाईत रुजली, आणि तिथून ती आपल्याकडे आली. देवनागरीत तिरप्या अक्षरांची अशी वेगळी घडण मुळात नाही. संगणकावरच्या ‘मंगल’ फॉन्टलाही स्वतःचं तिरपं रूप नाही. यंत्र उभ्या अक्षराला नुसतं बाजूला ढकलतं. माझी अम्मी पानावर तशी दिसत होती, कुणीतरी खांद्याला धक्का दिल्यासारखी.

शब्द बदलण्याचं म्हणाल तर ते आपल्याला नवं नाही. आमच्या किनाऱ्यासमोरच्या कुरटे बेटावर ज्या शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्यांच्याच कारकिर्दीत ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. मजमुदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, पण पुढच्या शतकात ‘पेशवा’ असा काही परतला की साऱ्या राजवटीलाच त्याचं नाव पडलं. विसाव्या शतकात सावरकरांनी रत्नागिरीत असताना भाषाशुद्धीची चळवळ केली. तेव्हा आमचं मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 मध्ये. त्यांचा ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ मीही वापरतो, माझी काही तक्रार नाही. शब्द येतात, जातात, बदलले जातात. पण तिरपा शब्द ना काढलेला असतो ना घेतलेला. कोकणी घरात ओटीवर बसवून चहा द्यावा आणि माजघरात मात्र घेऊ नये, तसं ते आहे. आणि इथं तर घर माझंच होतं.

तर एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस, मी ती चौकट उघडली. शोधायच्या ओळीत शब्द नाही, नुसतं फॉरमॅट. फॉन्टमध्ये जाऊन ‘इटालिक’ निवडलं. ओळीखाली बारीक अक्षरांत तशी नोंदही आली. खालची ओळ मी रिकामीच ठेवली. माझा हिशेब असा की तिरपं शोधायला सांगितलंय, खाली काही तिरपं नाही, म्हणजे सरळ होईल. आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. यंत्र म्हणालं, 214 ठिकाणी बदल केले. मला आनंद झाला.

मग मी पहिली कविता पाहिली. त्यात एक ओळ होती. ‘फजरला अम्मी उठते, जानमाज पसरते, आणि माझ्यासाठी दुवा मागते.’ आता तिथं होतं, ‘ला उठते, पसरते, आणि माझ्यासाठी मागते.’

यंत्राची चूक नव्हती. ‘तिरपं शोध आणि त्या जागी काहीही ठेवू नको’ असंच मी सांगितलं होतं. त्यानं 214 शब्द शोधून पुसले होते. पुढच्या पानावर वाळूत माणसं रांगेनं उभी होती आणि नसलेलं काहीतरी ओढत होती. त्याच्या पुढच्या पानावर कुणीतरी होडीच्या नाळेवर उभं राहून हाकारत होतं, कोण ते कळत नव्हतं. क्रियापदं होती, विरामचिन्हं होती, कविता व्याकरणानं जवळजवळ नीट होती. फक्त आम्ही त्यात नव्हतो.

माझा हात थरथरला, हे कबूल करतो. शेजारी एक मुलगी राहते. आधी डीटीपीच्या दुकानात काम करायची, आता कणकवलीला संगणकाचं शिकायला जाते. तिला हाक मारली. ती डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून आली आणि पडदा बघून हसली.

‘काका, घाबरू नकात. सेव्ह करूक नाय ना? मग कंट्रोल झेड दाबा. काय एक जावक नाय.’

दाबलं. एका दाबासरशी 214 शब्द परत आले. अम्मी आली, जानमाज आली, तांडेल आला. तिरपे आले, पण आले.

माझी नजर मात्र त्या ‘ला’वर अडकून राहिली होती. संपादकांनी ‘फजर’ तेवढं तिरपं केलं होतं, प्रत्यय सरळ ठेवला होता. नियमानं ते बरोबरच. म्हणून सगळं पुसलं गेलं तेव्हा ‘ला’ मागं राहिला. मी त्या मुलीला विचारलं, ‘फजर अरबी, पण ‘फजरला’ हे अरबी आहे काय?’ ती म्हणाली, ‘तां माका काय ठावक, काका? तुमीच मराठीचे.’ मीच मराठीचा. श्रोतेहो, शाळेत विभक्ती घोकल्या त्या कशासाठी, याचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं. ज्या शब्दाला मराठीनं आपला प्रत्यय लावला, त्याचा हात तिनं धरलेला असतो. मग तो अर्धा तिरपा आणि अर्धा उभा कसा राहील? ‘टेबलावर’ आणि ‘बाजारात’ लिहिताना आपण कुणाला तिरपं करतो का?

मग तिनं रीतसर करून दाखवलं. वरच्या ओळीत इटालिक. तिथं फॉन्टच्या चौकटीत दोन खाने असतात, एक इंग्रजी लिपीसाठी आणि एक देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांसाठी. तिनं दोन्हीकडे निवडायला लावलं. खालच्या ओळीत शब्द काही नाही, पण फॉरमॅट ‘नॉट इटालिक’. तिथं ‘रेग्युलर’ निवडू नका म्हणाली, नाहीतर ठळक केलेलं असेल तेही साधं होऊन बसतं. खालच्या ओळीला असा नुसता अंगरखा दिला की यंत्र शब्दाला हात लावत नाही, फक्त त्याचा पेहराव बदलतं. एवढाच फरक. मी खालची ओळ उघडीबोडकी ठेवली होती.

पुन्हा 214. या वेळी सगळे जागच्या जागी, ताठ. मी फाईल सेव्ह केली, संगणक बंद केला आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी लक्षात आलं की अब्बांचं पत्रही सरळ झालं आहे. अब्बा जहाजावर खलाशी होते. एका कवितेच्या मध्ये त्यांच्या जुन्या पत्रातल्या सहा ओळी आहेत. त्या मी स्वतः तिरप्या केल्या होत्या, कारण तो आवाज माझा नाही, दूरवरून येणारा आहे. ग्रंथांची नावंही तिरपी होती, तीही सरळ झालेली. यंत्राला तिरपं दिसलं, का तिरपं ते कुठं दिसणार? आणि एकदा फाईल बंद केली की कंट्रोल झेडही काही परत आणत नाही. संपादकांची मूळ फाईल समोर ठेवून ते सगळं हातानं पुन्हा केलं.

त्यावर उपायही त्या मुलीनंच सांगितला. नुसतं तिरपं करायचं नाही, त्या तिरपेपणाला नाव द्यायचं. वर्ड प्रोसेसरमध्ये त्याला स्टाईल म्हणतात. मी तीन केल्या. एक ‘अब्बांचं पत्र’, एक ‘ग्रंथनाव’ आणि एक ‘टीप’. पुढं शोधताना इटालिक न शोधता ती स्टाईल शोधायची. ग्रंथनावं हवी असतील तर तेवढीच येतात, अब्बांना कुणी हलवत नाही. तीस वर्षं कविता लिहितोय, पण एखादी ओळ वेगळी का दिसावी याचं कारण फाईलमध्येच लिहून ठेवावं, हे सुचलं नव्हतं.

आणखी एक फजिती सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी मी ‘दर्या’ शब्द किती वेळा आलाय ते पाहायला गेलो, तर यंत्र म्हणालं, सापडला नाही. मालवणच्या कवीच्या संग्रहात दर्या नाही! थोडा वेळ वाटलं, काल तोही पुसला की काय. मग दिसलं, शोधायच्या ओळीखाली कालचं ‘इटालिक’ तसंच चिकटून होतं. यंत्र तिरपा दर्या शोधत होतं, आणि आमचा दर्या तर आधीपासूनच सरळ. तिथं ‘नो फॉरमॅटिंग’ म्हणून कळ आहे, ती दाबून जुना अंगरखा उतरवावा लागतो. दाबली आणि दर्या सापडला, जरा जास्तच सापडला. आंबोलीच्या घाटावरच्या कवितेतही तो शिरला होता. जुन्या फॉन्टमधून येताना तिथल्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन बसल्या होत्या. इथं मात्र कुठलाच अंगरखा कामाचा नव्हता. दोन्ही एकाच फॉन्टचे, दोन्ही उभे. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली तेव्हा घाट घाटावर गेला आणि समुद्र समुद्रात.

फाईल परत पाठवली. आठवड्यानं संपादकांचा फोन आला.

‘अहो, सगळंच सरळ केलंत?’

‘हो. अब्बांचं पत्र आणि ग्रंथांची नावं सोडून.’

‘वाचकाला अडेल हो.’

‘थोडं अडू दे की. तुम्हालाही कधीतरी आमची माणसं भेटलीच ना?’

ते हसले. मग म्हणाले, निदान शेवटी शब्दार्थांची यादी तरी द्या. मी कबूल झालो आणि यादी करायला बसलो. फजर, जानमाज, रापण, तांडेल, सुकती, दुवा. दुवा लिहिला तसा त्याच्याखाली हवा लिहिला. म्हटलं, दोघं एकाच मुलखातून आलेले, एकाचा अर्थ द्यायचा आणि दुसऱ्याचा नाही हे बरं दिसत नाही. मग कागद लिहिला, शाई लिहिली, तारीख, वकील, जमीन, दुकान. यादी साडेतीन पानांची झाली. पाठवून दिली.

चार दिवसांनी उत्तर आलं. ‘शब्दार्थ काढून टाकले आहेत. बाकी मजकूर तुमच्या प्रतीप्रमाणे छापायला देत आहे. फक्त ‘मतलई’ म्हणजे काय ते कळवावं, माझ्याच माहितीसाठी.’

मी कळवलं. रात्री जमिनीवरून दर्याकडे सुटतो तो वारा. आमच्याकडे फजरच्या सुमाराला तो चांगला अंगावर येतो.